गाडीचीही वही लिहा

आज गाडीविषयी बोलायचं आहे. आता गटागटांतून बायका गाडी चालवायला लागल्या आहेत. जुनी ऑटोमॅटिक गाडी, म्हणजे जिला पायाखाली क्लच नाही अशी गाडी, आपल्यालाही परवडेल अशा किमतीत मिळते. पण तिचा गिअरबॉक्स एकदा कुरकुरायला लागला की पुन्हा पुन्हा पैसे मागतो. गटाचा पैसा म्हणजे दहा घरांचा पैसा. म्हणून आमचा दीड वर्षाचा अनुभव तुमच्यापुढे ठेवतो.

आमचा गट जावळी तालुक्यातला. नाचणीचे पापड, नाचणी सत्त्व आणि लोणची घेऊन आम्ही केळघर घाट चढून महाबळेश्वरच्या दुकानांत माल पोचवतो. आधी भाड्याचा टेम्पो होता, एका खेपेला १,२०० रुपये. मग २०१६ सालची एक वापरलेली छोटी गाडी घेतली. ऑटोमॅटिकच घेतली, कारण आमच्यातल्या तिघी चाळिशीनंतर गाडी शिकल्या आणि घाटात क्लच सांभाळायची त्यांना धास्ती वाटायची.

ऑटोमॅटिक म्हटलं तरी सगळ्यांच्या आत एकच यंत्र नसतं. छोट्या गाड्यांत बऱ्याचदा ए.एम.टी. असते. म्हणजे आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लचप्लेट. फक्त आपल्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. आमच्या गाडीत ते तेलाच्या दाबावर चालतं. छोटा पंप दाब तयार करतो, एक डबी तो दाब साठवते आणि गाडीतला कॉम्प्युटर हुकूम देतो. दुसरा प्रकार सी.व्ही.टी., त्यात पट्टा असतो. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, त्यात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. प्रत्येकाचं तेल वेगळं आणि दुखणंही वेगळं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा रंग नंतर बघा. आत कोणता गिअरबॉक्स आहे आणि त्याचं काम कधी झालं, ते आधी विचारा.

आमची गाडी पहिल्यांदा घाटात थांबली. समोरच्या काट्यांजवळ पिवळा दिवा लागला, गिअरचा आकडा गेला, आणि इंजिन चालू असून गाडी पुढे सरकेना. गॅरेजवाल्या दादांनी क्लचप्लेट बदलली. १४,००० रुपये गेले. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये तेल आणि एक सेन्सर बदलला, ६,५०० रुपये. दीड महिन्याने गाडी पुन्हा उभी.

गावात बोलणं सुरू झालं. बायकांनी चालवली म्हणून बिघडली, असं पारावर ठरूनच गेलं. आमच्यातल्या एक वहिनी तर म्हणाल्या, "मी आता स्टिअरिंगला हात लावणार नाही." पैसा गेला त्यापेक्षा हे जास्त लागलं. शिकलेली बाई पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसणार होती.

तेव्हा बैठकीत ठरलं, की आपली पंचसूत्री गाडीलाही लावायची. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे, यातलं पाचवं सूत्र म्हणजे लेखे. गाडीची वही सुरू केली. प्रत्येक खेपेला तारीख, किलोमीटर, चालवणारी कोण, माल किती, चढावर किती वेळ थांबावं लागलं, दिवा लागला का, गाडी गार होती की तापलेली, हे सगळं त्यात लिहायचं.

दोन महिन्यांत वही बोलायला लागली. बिघाड तिघींच्याही हातून झाला होता, आणि एकदा तर मिस्त्री स्वतः चालवून बघत असतानाही. म्हणजे दोष हाताचा नव्हता. शिवाय एक खूण सापडली. ड्रायव्हरचं दार उघडलं की आमच्या गाडीतून बारीक घुर्र आवाज येतो. तो पंप दाब भरतो त्याचा. तो एकदा येऊन थांबायला हवा. आमच्या गाडीत तो उभ्या जागीसुद्धा सारखा यायचा. दाब टिकत नव्हता.

ही वही घेऊन आम्ही साताऱ्याला स्कॅनर असलेल्या मिस्त्रींकडे गेलो. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायचं यंत्र. त्यावर दाब खाली येताना दिसला. दाब साठवणारी डबी निकामी झाली होती. दुसरी गोष्टही कळली. ए.एम.टी.त नवी क्लचप्लेट घातल्यावर ती कॉम्प्युटरला स्कॅनरने ओळखवून द्यावी लागते. ते काम आधी झालंच नव्हतं. बॅटरीच्या टोकांना गंजही होता. बॅटरी कमजोर असली तरी हे यंत्र रुसतं. सगळं मिळून २१,५०० रुपये लागले. पण या वेळी कारण सापडलं होतं.

आता चालवण्याच्या चार गोष्टी. चढावर थांबलात तर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लचप्लेट जळते. ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा. बराच वेळ थांबायचं असेल तर गिअर न्यूट्रलला घ्या. उभ्या चढाला एम वर घेऊन पहिला गिअर आपणच ठेवा. ए.एम.टी.त बहुधा पार्किंगचा वेगळा खटका नसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करा आणि हँडब्रेक लावा.

गाडी घाटातच बंद पडली तर आधी चारी इंडिकेटर लावा, चाकामागे दगड लावा, आणि सगळ्यांना डोंगराच्या बाजूला रस्त्याबाहेर उभं करा. निघताना तो दगड उचलायला विसरू नका, मागच्या दुचाकीचा जीव जाईल. गाडी गिअरमध्ये अडकली असेल तर दोरी बांधून ओढू नका. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती उचलूनच न्यावी लागते. छोट्या गाड्यांत ती बहुतेक पुढची असतात.

गॅरेजमध्ये तोंडी बोलण्यावर राहू नका. कामाआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. पक्कं बिल घ्या, आणि नव्या भागाची हमी किती महिन्यांची ते त्यावर लिहून घ्या. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आता हिशोब. टेम्पोपेक्षा एका खेपेला आमचे ८०० रुपये वाचतात. दीड वर्षात ६० खेपा झाल्या, म्हणजे ४८,००० वाचले. दुरुस्तीला ४२,००० गेले. उरले ६,०००, आणि त्यात विमा धरलेलाच नाही. हा आकडा बैठकीत मोठ्याने वाचला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

कुणी म्हणालं, "आत्ता चालतेय तोवर विकून टाकू. गिऱ्हाइकाला काय कळतंय?" त्यावर आमच्या सगळ्यांत मोठ्या आक्का म्हणाल्या, "घेणारी पण कुणी गटातलीच असंल की. तिनं कुणाकडं रडायचं?"

मग ठराव लिहिला. गाडी ठेवायची, पण मर्यादा घालून. यापुढे एका वर्षात गिअरबॉक्सला १५,००० च्या वर खर्च सांगितला, तर तो करायचा नाही. गाडी आहे त्या स्थितीत विकायची आणि सोबत वही द्यायची. दोन पैसे कमी आले तरी चालतील. मर्यादा आधीच ठरवली की गॅरेजमध्ये उभं राहून घाईत हो म्हणावं लागत नाही.

त्या कामाला पाच महिने झाले. दिवा लागलेला नाही. उद्या लागणार नाही असं नाही, गाडी जुनीच आहे. पण वहिनी पुन्हा घाट चढून जातात, आणि परत आल्यावर पहिल्यांदा वही मागतात.

तुमच्या गटाकडे गाडी असो, पिठाची गिरणी असो की शेवयांचं यंत्र, येत्या बैठकीत एक चाळीस पानी वही घ्या आणि तारीख घाला. नमस्कार.