कात्रणांचा डबा

(मंडळाच्या नवी मुंबई येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी इच्छा आपल्या कार्यवाहांनी व्यक्त केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. ज्या व्यासपीठावरून ज्ञातीच्या इतिहासावर आणि शिक्षणनिधीवर जाणत्यांनी विवेचन करावे, तेथे एका निवृत्त शिक्षिकेने स्वयंपाकघरातील गंजलेल्या डब्याची हकीकत सांगावी, हे कितपत शोभेल? परंतु त्या डब्याने मला आपल्या घरांविषयी असे काही शिकविले, की ते आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही. सांगण्यात काही उणे-अधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यावे.

माझ्या सासूबाईंना जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांचा संसार दादरच्या दोन खोल्यांत सुरू झाला आणि १९८४ साली तो वाशीस आला. खाडीवरचा पूल १९७३ मध्येच झाला होता, परंतु आगगाडी वाशीपर्यंत येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात दादरच्या बाजारातून सोडे किंवा पनवेलहून कडवे वाल आणावयाचे म्हणजे बसचा प्रवास ठरलेला. अशा त्या नव्या शहरात सासूबाईंनी भांड्यांबरोबर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबाही आणला होता. त्यात काय आहे हे आम्ही कधी विचारले नाही, आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. त्यांच्या पश्चात घर आवरताना तो उघडला, तेव्हा आत वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून कापून ठेवलेल्या पाककृती निघाल्या. मोजल्या तेव्हा एकशे सोळा भरल्या.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी असा डबा, अशी वही किंवा सुईदोऱ्याने शिवलेली चोपडी असेल. मराठी स्त्रियांना छापील पाककृती काही नवी नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० सालीच निघाले होते. १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झाले. पुढे 'लोकसत्ता' १९४८ मध्ये आणि 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ मध्ये निघाला, आणि सकाळचे वर्तमानपत्र मध्यमवर्गीय घराचा भाग झाले. पुस्तक विकत घ्यावयाचे तर घरात विचारावे लागे. जुन्या अंकातला चौकोन कापून घेण्यास मात्र कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. कात्रण ही त्या पिढीच्या गृहिणीची बिनखर्चाची खासगी मालमत्ता होती.

बहुतेक कात्रणांवर तारीख नव्हती. ती शोधण्याची युक्ती माझ्या नातवाने काढली. तो कागद उलटून पाठीमागचा मजकूर वाचू लागला. एका कात्रणाच्या पाठीवर कोयनेच्या भूकंपाच्या मदतनिधीची अर्धी बातमी होती. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे कात्रण त्या हिवाळ्यातले. काही कागदांना पाठ उलटण्याचीही आवश्यकता पडली नाही. एका पाककृतीत सोमवारी सायंकाळी धान्यावाचून करावयाचे पदार्थ दिले होते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हाची ती. दुसऱ्या एकीत शिधावाटपाच्या दुकानात मिळणाऱ्या तांबड्या मिलोची भाकरी मऊ कशी करावी हे सांगितले होते. ती १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांतली. इतिहासाच्या पुस्तकात हा काळ एका परिच्छेदात संपतो. येथे त्यावर तेलाचे डाग पडलेले होते.

मापांचीही एक गंमत सांगते. सर्वांत जुन्या कात्रणांत शेर, पावशेर, छटाक अशी वजने आहेत, आणि एका हस्तलिखित चिठ्ठीवर तर 'दोन आण्यांची वेलची' असे प्रमाण दिले आहे. मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि नवे पैसे त्यापूर्वी दीड वर्ष. माझ्या सुनेने शेर म्हणजे किलो असे धरले. ते अगदीच चूक नाही. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर सुमारे २३३ ग्रॅम आणि छटाक सुमारे ५८. दोन आण्यांच्या वेलचीचे वजन मात्र आता कोणी सांगावे? ते ज्या वाण्याला ठाऊक होते, तो आणि त्याचा तराजू दोन्ही गेले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एकशे सोळा कात्रणे आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडली आणि त्यांची वर्गवारी करू लागलो. इडली-सांबार होते, छोले होते, गट्ट्यांची भाजी होती, सारस्वतांचे खतखते होते, वाळूवर भाजावयाचा केक होता. वालाचे बिरडे नव्हते. खाजाचे कानवले नव्हते. सोड्यांची खिचडी नव्हती, निनाव नव्हते. आपण कायस्थ प्रभू ज्या पदार्थांवर मिशीला पीळ भरतो, त्यांतील एकाचीही कृती त्या डब्यात नव्हती.

प्रथम मला वाईट वाटले. मग ध्यानात आले, की असेच होणार होते. जे हातात आहे ते कागदावर कोण कापून ठेवील? बिरडे त्यांना डोळे मिटून येत होते. कापून ठेवावयाचे ते जे येत नाही, ज्याचे कुतूहल आहे, जे एकदा तरी करून पाहावेसे वाटते. म्हणजे तो डबा त्यांच्या ज्ञानाचा नव्हता. तो त्यांच्या इच्छांचा होता.

आणि बंधुभगिनींनो, त्या इच्छा कोठल्या होत्या याचा जरा विचार करावा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात त्यांच्या सासूबाईंचे सोवळे कडक होते. परज्ञातीची मैत्रीण आली तर तिला बाहेरच्या खोलीत चहा मिळे. स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडीत नसे. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही, पण ज्ञातीच्या व्यासपीठावरून ते लपविणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. जी बाई त्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हती, तिच्या हातची कृती मात्र वर्तमानपत्राच्या चौकोनात बसून आत आली, फळीवरच्या डब्यात राहिली आणि एखाद्या दुपारी, वडील मंडळी निजली असता, शिजलीही. आपल्या घरांचे दार प्रथम किलकिले केले ते सभांतील ठरावांनी नव्हे. ते या कात्रीने केले, असे मला वाटते.

ती कृती खरोखर शिजली, याला पुरावा आहे. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे आहेत. 'मीठ बेताने.' 'धाकट्याने दोनदा मागून घेतले.' 'पुन्हा करणे नाही.' खतखत्याच्या कात्रणावर 'त्रिफळे शेजारच्या वहिनींनी दिली' एवढेच आहे. शेजारच्या वहिनी कारवारकडच्या होत्या. त्रिफळे आली तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत थांबल्या की आत आल्या, हे त्या ओळीत लिहिलेले नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेस आमचे सर्व कुटुंब नेरूळच्या घरी जमावयाचे होते. मी प्रत्येक घरास एकेक कात्रण वाटून दिले आणि सांगितले, की यातले करून आणावे, आणि जेवणापूर्वी समासातला शेरा मोठ्याने वाचावा. पुरुषांनाही वगळले नाही. माझ्या थोरल्या चिरंजिवांनी गट्ट्यांची भाजी केली. गट्टे दगडासारखे झाले, पण रस्सा उत्तम होता. मिलो आता कोठून मिळणार? म्हणून भाकरी साध्या ज्वारीची केली, आणि त्या निमित्ताने मुलांना दुष्काळाची गोष्ट सांगितली गेली. एरवी जेवताना ज्यांच्या माना हातातल्या फोनवर झुकलेल्या असतात, ती मुले पणजीच्या पेन्सिलीने लिहिलेले अक्षर लावण्यासाठी एकमेकांशी भांडत होती.

केकचे कात्रण माझ्या वाट्यास होते. तेच ते, पाठीवर कोयनेची बातमी असलेले. पातेल्यात वाळू तापवून तीवर डबा ठेवावा, असे छापले होते. त्याखाली सासूबाईंचा शेरा होता : 'वाळू नको. निनावासारखे झाकणीवरही निखारे ठेवावे. गुळाला जशी दुधाची, तशी येथेही घाई करू नये.'

हे वाचून माझा आवाज थांबला. माझ्या थोरल्या वन्सं समोर बसल्या होत्या; त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्या म्हणाल्या, "अगं, आईच्या निनावाबद्दल लिहिलेलं असं हे एवढंच असेल."

आणि ते खरे होते. जे निनाव आम्ही वर्षानुवर्षे खाल्ले, त्याची घरातली एकमेव लेखी खूण परक्या केकच्या समासात निघाली. आपले म्हणून जे होते ते लिहिलेच गेले नाही. परक्याशी ताडून पाहण्याची वेळ आली, तेव्हाच ते दोन ओळींपुरते कागदावर उतरले.

त्या दिवाळीनंतर वन्संना बसवून घेऊन आम्ही निनाव तीन वेळा केले. पहिले कच्चे राहिले. दुसरे खालून लागले. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी चमच्याने तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "जवळ आलं आहे." त्याहून पुढे आम्ही गेलो नाही. तूप किती, पीठ किती भाजावयाचे, निखारे केव्हा काढावयाचे, हे ज्या हातांना ठाऊक होते त्यांना वेळेवर विचारले नाही, ही चूक माझी आहे. चाळीस वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि 'अंदाजाने घाल' या उत्तरावर समाधान मानले. जे प्रमाण जवळ आले, ते मुद्दाम येथे सांगते, म्हणजे ते स्मरणिकेत छापले जाईल : दोन वाट्या डाळीचे पीठ आणि अर्धी वाटी कणीक अर्ध्या वाटी तुपावर खमंग भाजावी, दोन वाट्या गूळ चार वाट्या नारळाच्या दुधात विरघळवून, गाळून, ते हळूहळू पिठात घालावे व सतत ढवळीत आटवावे, वेलची-जायफळ घालून तूप लावलेल्या भांड्यात थापावे आणि खालून-वरून मंद आचेवर भाजावे. ज्यांच्या घरी याहून चांगले होत असेल त्यांनी मला दुरुस्त करावे. तेच मला हवे आहे.

कागदांविषयी थोडे व्यवहाराचे सांगते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा असतो. प्रकाशाने व हवेने तो आपोआप पिवळा पडतो आणि तुटू लागतो. त्याला चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग कायमचा राहतो. प्लास्टिकचा पक्का थरही चढवू नये, तो पुन्हा निघत नाही. दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद आम्लरहित कागदात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावा. पाठीमागची बाजू विसरू नये, आणि समास तर कधीही कापू नये.

शेवटी एक विनंती. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी नेले. आपल्या घरच्या बिरड्याचे आणि कानवल्यांचे तसेच प्रमाण, हात चालता असेपर्यंत, वडीलधाऱ्या स्त्रियांकडून लिहून घ्यावे. 'अंदाजाने' असे उत्तर आले तर त्यांच्या हाताखाली वाटी धरावी आणि मोजावे. आणि येत्या दिवाळीत डब्यातले एक कात्रण शिजवून ते ज्यांचे आहे त्यांना, म्हणजे सोसायटीतल्या परज्ञातीच्या शेजाऱ्यांना, आपल्या पंक्तीस बसवून वाढावे. इतकी वर्षे त्यांचा पदार्थ आपल्या घरात राहिला. माणसे बाहेरच्या खोलीत ठेवण्याचे दिवस संपले आहेत, हे ताटावरूनही दिसले पाहिजे.

आमच्याकडे यंदा कारवारकडच्या त्या वहिनींच्या सूनबाई येणार आहेत. खतखते त्याच करणार आहेत, आमच्या स्वयंपाकघरात. त्रिफळे किती घालावयाची ते मी समासात लिहून घेईन.