हवेची वाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'माझी वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलंय. माझी वाटचाल तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दिसतेच. मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, संपलं. आज मला एका वळणाविषयी बोलायचंय. आयुष्यातल्या नव्हे, पाइपातल्या.

दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान तुम्ही सिनेमात तरी पाहिलं असेल. त्यात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन असे, बारा सिलिंडरचं, 27 लिटरचं. विमान वर गेलं की हवा विरळ होते. 18 हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा उरतो. मग इंजिनाला श्वास पुरत नाही. म्हणून मागे एक सुपरचार्जर असतो. त्यात पाती असलेलं एक चक्र मिनिटाला 25 हजारांहून जास्त फेरे घेतं, मध्यातून हवा ओढतं आणि कडेला भिरकावतं. भिरकावलेल्या हवेला वेग असतो, पण आपल्याला हवा असतो दाब. ते काम चक्र एकटं करत नाही, भोवतीचं घरही करतं. त्याची वाट हळूहळू रुंद होत जाते, हवा मंदावते आणि वेगाचा दाब होतो. वाट एकदम रुंद केली तर हवा भिंत सोडते, भोवरे होतात आणि मेहनतीची नुसती उष्णता होते. तापलेली हवा फुगते, म्हणजे सिलिंडरमध्ये पुन्हा कमीच मावते.

1938 साली डर्बीच्या कारखान्यात स्टॅन्ली हूकर नावाचा तिशीतला माणूस रुजू झाला. तो गणिती, इंजिनं बनवण्याचा अनुभव शून्य. त्याच्या आत्मचरित्राच्या नावाचा अर्थच 'फारसा इंजिनिअर नव्हे' असा आहे! त्याच्या हाती सुपरचार्जरच्या चाचण्यांचे कागद आले आणि तो आकडेमोड करत बसला. चक्र आणि त्याभोवतीची वाट यांत सुधारणेला जागा होतीच, पण हवा आत यायची ते तोंडही वाईट होतं. कार्ब्युरेटर खाली, हवा वर येणार आणि अडचणीच्या जागेत झटकन वळून चक्राच्या डोळ्यात शिरणार. आता हिशोब बघा. सुपरचार्जर आलेल्या दाबाला गुणतो. तो तिप्पट करत असेल, तर दारात सांडलेला एक रुपया आत गेल्यावर तीन रुपयांचा तोटा होतो. त्यातून वळणाने हवा एका बाजूला लोटलेली, म्हणजे पात्यांना घास वाकडाच मिळणार.

वरिष्ठांनी ते काम त्याच्याच हाती सोपवलं. तोंड बदललं, हवा सरळ मध्यातून येऊ लागली, आतली वाटही सुधारली. सिलिंडर तेच, 27 लिटर तेच. त्यातून मर्लिन 20 आणि मर्लिन 45 ही इंजिनं आली आणि 1941मध्ये 45वालं स्पिटफायर लढाईत उतरलं. पुढे जर्मनांचं फॉक-वुल्फ 190 भारी पडू लागलं, तेव्हा 1942मध्ये एकामागे एक दोन चक्रं लावलेलं मर्लिन 61 आलं. याच हूकरने पुढे हॅरियरच्या पेगासस इंजिनावर काम केलं. गोव्याला दाबोळीच्या आकाशात आपल्या नौदलाची सी हॅरियर ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी त्याचं काम कानांनी ऐकलंय.

आता नववीचं विज्ञान प्रदर्शन आठवा. आपल्या वर्गाचा 'विजेचा भाता'. जुन्या टेबल फॅनची मोटर, डालड्याच्या डब्याची पाती, लाकडी चौकोनी खोका. खोक्याच्या समोरच्या बाजूला थर्माकोलच्या अक्षरांत शाळेचं नाव लावायचं होतं, म्हणून हवेचा पाइप बाजूने आणून एल्बो लावून मध्यात वळवला होता. शेगडीतले कोळसे काही पेटेनात. आम्ही दोघी मोठी मोटर आणायच्या गोष्टी करत होतो, वर्गणीसुद्धा काढली होती.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण आला. त्याच्या वडिलांचं लोहारकाम. त्याने तोंडाशी तळहात धरला आणि म्हणाला, "मोटर बरी आहे, तिला गुदमरवलंय तुम्ही." थर्माकोलमधलं एक अक्षर उपटलं, एल्बो काढून फेकला आणि तिथे रॉकेलचं नरसाळं कापून बसवलं. मग पत्र्याची पट्टी वाकवून खोक्यात गोगलगायीच्या शंखासारखी वाट केली, पात्यांपासून बाहेरच्या तोंडापर्यंत रुंदावत जाणारी. पाच मिनिटांत कोळसे लाल. त्याने हूकरचं नाव ऐकलेलं नव्हतं, आम्हीही नाही.

तालुक्याला आपला पहिला नंबर आला. अर्जात दोनच नावं भरायची सोय होती, म्हणून प्रमाणपत्रावर दोनच आली. इथवर कुणाचाच दोष नाही. पण इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "लहानपणी मी असा ब्लोअर केला होता, व्होल्यूट मी स्वतः वाकवलं होतं." पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतही तेच सांगितलं. नोकरी मिळाली. नंतर इतक्यांदा सांगितलं, की माझ्या मुलीला तो पत्रा मीच वाकवला असं वाटतं.

गेल्या वर्षी ऑफिसात एक प्रणाली रखडत होती. सगळे मोठा सर्व्हर मागत होते. माहिती आत येते त्या दारातच ती एकेक करून थांबत होती, ते मी शोधून काढलं आणि शाबासकी घेतली. त्या रात्री मला नरसाळं आठवलं आणि झोप लागली नाही.

तो तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेतलंस तर उठून जाईन, असा त्याने दम भरलाय, म्हणून घेत नाही. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. जेवण झाल्यावर त्याने केलेला धूळ ओढायचा ब्लोअर बघायला मी जाणार आहे. इनलेट बघून चूक काढून दाखव, असं म्हणतोय.

प्रमाणपत्र मी आणलंय. झेरॉक्स नाही, मूळ. दोन नावांखाली तिसरं नाव मी काल रात्री माझ्या हाताने लिहिलं. सर, तेव्हा वर्गशिक्षक म्हणून तुमची सही होती. या नावापुढेही एक सही करून द्याल का? पेन आणलंय.