शनिवारची वार्ता : शाळेचा गावापुढील हिशेब



वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. उत्तरेचा माल दक्षिणेकडे आणि दक्षिणेचा उत्तरेकडे नेणारी वाहने या मार्गाने अहोरात्र धावत असतात. दूरदेशीची घटना आता हातातील भ्रमणध्वनीवर क्षणार्धात कळते. मात्र गावच्या प्राथमिक शाळेत सरत्या आठवड्यात किती मुले आली, किती आली नाहीत आणि का आली नाहीत, हा प्रश्न वडनेरसारख्या कोणत्याही गावी पारावर विचारला, तर नेमके उत्तर देणारे थोडेच भेटतील. जगाची वार्ता घरात पोचली, पण शेजारच्या शाळेची वार्ता बाहेरच राहिली, अशी ही अवस्था आहे. ती पालटण्याचे एक साधे आणि जवळजवळ बिनखर्चाचे साधन म्हणजे शाळेची साप्ताहिक वार्ता होय.

शनिवारी शाळा सकाळची असते. परिपाठानंतर मुलांनी एकत्र बसावे, आठवड्यात घडलेल्या गोष्टी सांगाव्यात, त्यांतील निवडक गोष्टी मोठ्या मुलांनी फळ्यावर अथवा कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहाव्यात आणि तो कागद शाळेच्या फाटकाजवळ व ग्रामपंचायतीच्या सूचना फलकाशेजारी लावावा, एवढेच तिचे स्वरूप. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला. त्या दिवसाच्या कामांत या वार्तेला सहज स्थान मिळू शकते.

वर्ध्याचा वारसा

ही कल्पना वर्धा जिल्ह्याला परकी नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी आपला अहवाल सादर केला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र, ही त्या योजनेची मुख्य सूत्रे होती. पुढे ती ‘वर्धा योजना’ म्हणून, तसेच ‘नई तालीम’ या नावाने ओळखली गेली. सेवाग्राम येथे आर्यनायकम आणि आशादेवी आर्यनायकम या दांपत्याने तिचा प्रयोग चालविला.

नई तालीम म्हटले की लोकांना तकली आणि चरखा आठवतो. परंतु तिच्या मुळाशी आणखी एक तत्त्व होते, ते म्हणजे शाळा हा एक लहानसा समाज आहे. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, आहार, आरोग्य यांची जबाबदारी मुले वाटून घेत. केलेल्या कामाची नोंद ठेवणे आणि ती सर्वांच्या सभेपुढे मांडणे हाही शिक्षणाचाच भाग मानला जाई. किती सूत कातले, किती भाजी निघाली, कोणते काम राहून गेले, हे मुलानेच सांगावयाचे असे. गणित, भाषा आणि नागरिकशास्त्र यांची तेथे एका नोंदवहीत भेट होत असे. स्वातंत्र्योत्तर काळात मूलोद्योगी शिक्षणाची योजना हळूहळू मागे पडली. तथापि २००५ मध्ये सेवाग्रामच्या परिसरात ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू झाली आणि त्या विचाराला नवे आश्रयस्थान लाभले.

खानदेशातही या दिशेने एक उल्लेखनीय प्रयत्न झाला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या ग्रामीण शिक्षकाने १९२४ साली आपल्या वर्गात एक लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या गावाबद्दल लिहावे, स्वतःच खिळे जुळवून ते छापावे आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेशी त्याची देवाणघेवाण करावी, असा क्रम त्याने सुरू केला. एका ठिकाणी शिक्षक मुलांसाठी लिहीत होता, तर दुसरीकडे मुलेच लिहीत होती. दोन्ही ठिकाणी शाळेतील जगणे हाच वाचनाचा विषय झाला होता.

वार्तेत काय असावे ?

पुष्कळ शाळांच्या फलकांवर सुविचार, दिनविशेष आणि पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे आढळतात. त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. पण त्यांतून गावाला शाळेचे अंतरंग कळत नाही. वार्तेत पहिले स्थान उपस्थितीला असावे. पटावर किती, सोमवारी किती, शुक्रवारी किती, हे आकडे तिसरी-चौथीच्या मुलांना मांडता येतात. दुसरे स्थान आहाराला. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य हे शालेय पोषण आहाराचे प्रमाण आहे. साठ मुले जेवली तर सहा किलो धान्य शिजले पाहिजे, हा गुणाकार मुलांनी स्वतः करून पाहावा. तिसरे स्थान पाण्याचे. पर्जन्यमापकात एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी पडले, हे ज्याने स्वतः मोजले तो पावसाच्या बातमीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. त्यापुढे हिंगणघाटच्या बाजारातील कापसाचा भाव, शाळेच्या परसबागेतील वांगी, तान्ह्या पोळ्याला मुलांनी सजवून आणलेले लाकडी नंदी, वर्गात नव्याने आलेला सोबती, अशा गोष्टींनी वार्ता सजीव होते.

वार्ता लिहिण्यापूर्वी ती पडताळली पाहिजे, हा तिचा खरा संस्कार आहे. ‘गावात पाणी आले नाही’ असे एका मुलाने सांगितले, तर कोणत्या वस्तीत, किती दिवस आणि कोणी पाहिले, असे तीन प्रश्न शिक्षकाने विचारावेत. ऐकीव गोष्ट क्षणात सर्वत्र पसरण्याच्या आजच्या काळात दहा वर्षांच्या मुलाला ही सवय लागणे, हे एखाद्या पाठाइतकेच मोलाचे आहे.

त्याचबरोबर एक मर्यादाही कटाक्षाने पाळावी लागेल. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकऱ्यांच्या साहाय्याची विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. कर्जाचा आणि नापिकीचा भार ज्या घरांनी सोसला आहे, त्या घरांतील मुले याच बाकांवर बसतात. कोणाला गणवेश नाही, कोणाचे वडील कामाच्या शोधात बाहेरगावी गेले, हे नावासह फलकावर येता कामा नये. संख्या फलकावर यावी आणि नाव शिक्षकाच्या मनात राहावे.

अनुत्तरित वार्तेचा धोका

कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला की कपाशीच्या पट्ट्यातील शाळांना ज्याची चिंता असते, ती गोष्ट म्हणजे उपस्थिती. आई पहाटे वेचणीला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते, किंवा तीही आईबरोबर शेतात जाते. हजेरीपटावर तेवढी एक खूण उमटते. हीच गोष्ट ‘या आठवड्यात चौथीच्या अठरा मुलांपैकी सात मुले तीन दिवसांहून अधिक गैरहजर’ अशा शब्दांत पंचायतीच्या दारावर लागली, तर तिचा अर्थ पालटतो. ती गावाची बाब होते.

या बाबीचे उत्तर देणे ही कृपा नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने बालकांच्या नोंदी ठेवणे, त्यांचा प्रवेश, उपस्थिती व प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख करणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये ठरविली आहेत. त्याच अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकांमधील असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले आहे. समितीच्या बैठकीपुढे महिन्यातील चार वार्ता ठेवल्या, तर चर्चेला आपोआप आधार मिळेल. वेचणीच्या दिवसांत लहान भावंडांना अंगणवाडीत अधिक वेळ ठेवता येईल काय, शेतमालकांशी कोणी बोलावे, घरी राहिलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास केव्हा भरून काढावा, या प्रश्नांची उत्तरे त्या बैठकीतच मिळू शकतात.

येथेच या उपक्रमाची खरी कसोटी आहे. मुलांनी खरी वार्ता लिहिली आणि वडीलधाऱ्यांनी ती वाचून न वाचल्यासारखे केले, तर मुले त्यातूनही एक धडा घेतील. खरे लिहून काही होत नाही, हाच तो धडा. अशा धड्यापेक्षा फलक कोरा राहिलेला बरा. म्हणून प्रत्येक शनिवारच्या वार्तेची पहिली ओळ मागील शनिवारच्या वार्तेचे काय झाले, याची असावी. नळ दुरुस्त झाला असेल तर तसे लिहावे. झाला नसेल, तर सरपंचांनी अथवा ग्रामसेवकांनी त्याचे कारण मुलांपुढे येऊन सांगावे. पैसा नाही, साहित्य मिळाले नाही, मंजुरी आली नाही, हे प्रांजळपणे सांगितलेले उत्तरही मुलांचा विश्वास टिकवून ठेवते. सातपैकी चार मुले परत वर्गात आली, तर ती ओळ फलकावर सर्वांत वर शोभून दिसेल.

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. शाळा उघडण्यापासून वेचणी भरात येईपर्यंत सुमारे चार महिन्यांचा अवधी मिळतो. या अवधीत मुलांचा हात लिहिण्याला, शिक्षकांचे मन पडताळणीला आणि पंचायतीचे कान ऐकण्याला सरावले, तर हंगामाची पहिली गैरहजेरी फलकावर येईल तेव्हा गाव उत्तर देण्यास सिद्ध असेल. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक फळा, खडूची पेटी आणि शनिवारचा एक तास. एवढे साहित्य प्रत्येक शाळेजवळ आजही आहे.