फळ्यावरचा सुविचार आणि मनातला विचार

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषण)



जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत सकाळी पाऊल टाकले, तर फळ्यावर तारीख, वार, पट आणि हजेरी यांच्या जोडीला एक ओळ हमखास आढळते. ती त्या दिवसाच्या सुविचाराची ओळ होय. परिपाठात एखादा विद्यार्थी ती मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुसली जाऊन तिच्या जागी नवी ओळ येते. प्रथा चांगली आहे. थोरांचे शब्द मुलांच्या कानी रोज पडावेत, हा तिच्यामागील हेतू तर फारच चांगला आहे. परंतु प्रथा चालू राहिली म्हणजे हेतू साधला, असे होत नाही. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार होणे अगत्याचे आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडून पाहावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे वर्ग किमान २२० दिवस भरले पाहिजेत. म्हणजे सातवीपर्यंतच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या डोळ्यांखालून किमान १,४४० सुविचार गेलेले असतात. त्यांपैकी किती त्याच्याबरोबर शाळेच्या दाराबाहेर पडतात? दहा जरी त्याला सांगता आले, तरी समाधान मानावे लागेल. आणि एखादा जरी त्याच्या अडचणीच्या वेळी उपयोगी पडला, तर शाळेचे श्रम सार्थकी लागले असे म्हणावे लागेल. दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नव्हे. दुसऱ्याचा शब्द माणसाच्या जीवनात कसा शिरतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, ही खरी उणीव आहे.

शब्द जीवनात शिरल्याची काही उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. ती नीट पाहिली, तर वर्गासाठी बराच बोध मिळतो.

सन १९०४ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत होते. जोहान्सबर्गहून डर्बनला निघाले असता त्यांचे स्नेही पोलाक यांनी स्टेशनवर त्यांच्या हाती एक पुस्तक ठेवले. ते इंग्रज लेखक जॉन रस्किन यांचे 'अन्टु धिस लास्ट' हे पुस्तक होते. प्रवास चोवीस तासांचा होता. गांधीजींनी पुस्तक हाती घेतले ते खाली ठेवलेच नाही, आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पुस्तकातून त्यांनी तीन गोष्टी घेतल्या. सर्वांच्या हितातच प्रत्येकाचे हित आहे, ही पहिली. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच आहे, ही दुसरी. आणि शेतकऱ्याचे व कारागिराचे कष्टाचे जीवन हेच खरे जीवन, ही तिसरी. त्याच वर्षी डर्बनजवळ फिनिक्स येथे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी आपला छापखाना तेथे नेला आणि श्रमाच्या जीवनास प्रारंभ केला. पुढे १९०८ साली त्या पुस्तकाचे सार त्यांनी गुजरातीत लिहिले व त्यास 'सर्वोदय' हे नाव दिले.

या घटनेतील दोन गोष्टी शिक्षकाने ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, रस्किन यांनी जे सांगितले ते सर्वच गांधीजींना नवे नव्हते. त्यातील पहिली गोष्ट आपणास ठाऊक होती, दुसरी अंधुकपणे जाणवत होती आणि तिसरी मात्र कधी सुचली नव्हती, असे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे. म्हणजे दुसऱ्याचा शब्द रिकाम्या मनात ओतला जात नाही. मनात जे निद्रिस्त असते त्याला तो जाग आणतो. दुसरी गोष्ट अशी की, आपले वाचन थोडे असल्यामुळेच वाचलेले पचविता आले, असा त्यांचा अभिप्राय आहे. रोज नवा सुविचार लिहिण्याची घाई असलेल्या आपल्या फळ्याने हा अभिप्राय लक्षात घेण्याजोगा आहे.

परंतु प्रत्येक शब्द असा एका रात्रीत फळतोच असे नाही. सन १९०७ मध्ये मुंबईत भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. केळुसकर गुरुजींचे या मुलाकडे आधीपासून लक्ष होते. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनही त्यांनी खटपट केली. ते पुस्तक वाचून आपण भारावून गेलो होतो, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुस्तक हाती पडल्यापासून या दिवसापर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली होती. त्या काळात त्यांनी अनेक ग्रंथ अभ्यासले, अनेक धर्मविचार तपासले, आणि स्वतःच्या बुद्धीच्या कसोटीवर घासूनच आपला निर्णय केला. एका पुस्तकाने सर्व घडविले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि पहिले बी एका शिक्षकाच्या हातून पडले होते, हे सत्य आहे. केळुसकर गुरुजी १९३४ साली निवर्तले. नागपूरचा तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

शिक्षकाच्या धंद्याचे हेच स्वरूप आहे. पेरणी त्याच्या हातची असते. मळणी पाहण्यास तो असेलच असे नाही. यास्तव मुलाच्या हाती द्यावयाचा शब्द त्याने निवडून द्यावा, आणि कोणत्या मुलाला कोणत्या वेळी काय द्यावे याचा विचार करावा. केळुसकरांनी भेट म्हणून हाती लागेल ते पुस्तक उचलले नाही. जन्माने माणूस लहानमोठा ठरत नाही, हे ज्याने सांगितले त्याचे चरित्र त्यांनी अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या मुलाच्या हाती दिले. शब्द योग्य होता, आणि तो योग्य हाती पडला.

तिसरे उदाहरण धुळे येथील तुरुंगातील आहे. सन १९३२ मध्ये विनोबा भावे तेथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली. श्रोत्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेतील सहा वर्षांची नोकरी १९३० साली सोडून ते सत्याग्रहात उतरले होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज अनेक भाषांतून वाचावयास मिळतो. चांगला श्रोता हा बोलणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो, हे यावरून दिसते. गुरुजींची ही सवय जुनी होती. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. मुलांसाठी रोज लिहावयाचे, पण ते त्याच मुलांकडे पाहून लिहावयाचे, ही त्यांची रीत होती. सुविचारांच्या तयार पुस्तिकेतून ओळ उतरविणे आणि वर्गातील मुलांकडे पाहून ओळ निवडणे यांत हाच भेद आहे.

आता कोणी म्हणेल की, ही सारी मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. खेड्यातल्या शाळेस थोरांचे शब्द कोठून आणावयाचे? त्याचे उत्तर खेड्यातच आहे. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. त्यांचे पुत्र सोपानदेव व एक नातलग यांनी ती टिपून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वही नसती तर शेती, संसार, सुखदुःख यांविषयीचे ते शहाणपण त्यांच्याबरोबरच लोपले असते. आपल्या शाळेतील मुलांच्या घरीही आज्या आहेत, आजोबा आहेत. पाऊस, पेरणी, कर्ज, सोयरीक, भाऊबंदकी यांविषयी ते जे बोलतात, त्यात पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. तो टिपून आणण्यास मुलाला सांगितले, तर दोन लाभ होतात. शाळेला नवा विचार मिळतो. आणि आपल्या घरचा शब्दही फळ्यावर लिहिण्याच्या योग्यतेचा असतो, हे मुलाला प्रथमच कळते. ज्या घरात पूर्वी कोणी शाळा पाहिली नाही, त्या घरच्या मुलास या जाणिवेचे मोल फार आहे.

येथे दोन धोक्यांची सूचना देणे आवश्यक आहे.

पहिला धोका खोट्या नावांचा. अलीकडे मोबाईलवर रोज सकाळी सुविचारांचा पाऊस पडतो. एकच वाक्य आज विवेकानंदांच्या नावे, उद्या चाणक्याच्या नावे, परवा अब्दुल कलामांच्या नावे फिरत असते. वाक्य चांगले असले म्हणजे नाव कोणाचेही चालते, असे काहींस वाटते. परंतु सत्य शिकविणाऱ्या ओळीखालीच असत्य लिहिले गेले, तर मुलाने त्यातून काय शिकावे? ग्रंथात पाहून खात्री झाल्याखेरीज कोणाचेही नाव लिहू नये. खात्री नसेल तर ओळ नावाविना लिहावी. त्यात कमीपणा नाही.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. सुविचाराचा उपयोग कधीकधी नकळत छडीसारखा होतो. समजा, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला एखादा मुलगा पाच महिन्यांनी वर्गात परत आला, आणि त्याच दिवशी फळ्यावर वक्तशीरपणाची व नियमितपणाची थोरवी सांगणारी ओळ आहे. ओळीत चूक काहीच नाही. पण त्या मुलाला ती आपल्यालाच उद्देशून लिहिली आहे असे वाटेल, आणि तो मान खाली घालील. उपाशीपोटी आलेल्या मुलास संयमाचा महिमा सांगणे हेही तसेच. शब्द खरा असला तरी तो कोणाच्या कानावर पडणार आहे, हे पाहिलेच पाहिजे. त्या दिवशी प्रथम त्या मुलास जवळ बसवावे, फडावर त्याने काय पाहिले ते वर्गाला सांगू द्यावे. सुविचार एक दिवस थांबला तरी चालेल.

या सर्व विवेचनावरून प्रत्यक्ष कार्यासाठी काही गोष्टी निघतात. रोज नवा सुविचार देण्याऐवजी एक सुविचार आठवडाभर फळ्यावर ठेवावा. सोमवारी तो कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी सांगितला, हे गोष्टीच्या रूपाने सांगावे. मधल्या दिवसांत मुलांनी त्याला धरून घरातील, शेतातील वा खेळातील एखादे उदाहरण द्यावे. त्या वेळी हा विचार कोणाला पटत नाही, असेही विचारावे. कारण प्रश्न विचारल्याने शब्दाचा अपमान होत नाही, उलट तो पारखला जातो. शनिवारी ज्याला इच्छा असेल त्याने आपल्या स्वतःच्या वहीत तो उतरवून त्याखाली आपल्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात. या वहीला गुण देऊ नयेत आणि ती तपासणीसाठीही मागू नये. महिन्यातील एक आठवडा घरून आणलेल्या शब्दांसाठी राखून ठेवावा. या रीतीने वर्षाला सुमारे पस्तीस विचार होतील. संख्या लहान दिसते. परंतु पुसून गेलेल्या दोनशेंपेक्षा ओळखीचे झालेले पस्तीस केव्हाही अधिक.

आणि अशी एक वही शिक्षकाचीही असावी. खेड्यातील शिक्षकाचे जीवन अनेकदा एकाकी असते. बदली, लांबची पायपीट, कागदपत्रांचा भार, गावातील तट यांमुळे मन थकते. अशा वेळी ज्यांनी याहून बिकट मार्ग काटला, त्यांच्या शब्दांची सोबत मोठी असते. जो शिक्षक स्वतः एखाद्या शब्दाच्या आधारे उभा राहिला आहे, त्याच्या तोंडून निघालेला तोच शब्द मुलांना निराळा ऐकू येतो. त्याचा खरेपणा मुले तत्काळ ओळखतात.

दुसऱ्याचा शब्द हे उसने धन आहे. ते नुसते मोजून परत ठेवले तर घरात काहीच वाढत नाही. व्यवहारात घातले तर त्याचे आपले धन होते. हा व्यवहार मुलांना शिकविणे शाळेच्या हाती आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री एक फळा, एक खडू व लक्ष देऊन ऐकणारा शिक्षक एवढीच आहे. ती जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत आहे. तिचा उपयोग येत्या सोमवारपासून व्हावा, एवढीच अपेक्षा.