क्लाऊडची किल्ली कुणाकडे?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



मराठवाड्यात ढग म्हटलं की आपण वर बघतो. आज ज्या ढगाबद्दल, म्हणजे ‘क्लाऊड’बद्दल बोलायचं आहे, तो मात्र जमिनीवरच आहे. नवी मुंबईत, पुण्यात मोठमोठ्या इमारती आहेत आणि त्यांत रात्रंदिवस चालणारे हजारो संगणक आहेत. आपला फोटो ‘क्लाऊडवर गेला’ म्हणजे इंटरनेटवरून अशाच कुठल्यातरी, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकावर जाऊन साठला.

घरात गिरणी नसली तरी आपलं दळण अडत नाही. यंत्र, वीज, दुरुस्ती गिरणीवाल्याची. आपण दळणापुरते पैसे देतो. क्लाऊडचा व्यवहार असाच आहे. त्याच्या तीन तऱ्हा आहेत. लातूरला शिकायला आलेली मुलं बघा. कुणी नुसती खोली घेतं आणि शेगडी-भांडी आपली आणतं. कुणी शेगडी-भांड्यांसकट खोली घेतं आणि फक्त रांधतं. कुणी सरळ मेसचा डबा लावतं. तसंच काही संस्था नुसते संगणक भाड्याने घेतात, काही प्रोग्राम बनवायच्या साधनांसकट घेतात. तुम्ही-आम्ही मात्र तयार डबा घेतो: ईमेल, फोटो साठवणं, ऑनलाईन तक्ते. डबा फुकट मिळाला तरी अटी मेसवाल्याच्याच असतात.

याचा फायदा खरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची घरं कोसळली, तेव्हा माणसं गेलीच, आणि घराबरोबर ट्रंकेतले कागदही गाडले गेले. क्लाऊडमध्ये साधारणपणे एकाच माहितीच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर, बऱ्याचदा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एक यंत्र बंद पडलं तरी माहिती राहते. केंद्र सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे. सरकारी खात्यांनी त्यात दिलेल्या कागदपत्रांना कायद्याने मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला हे किती मोलाचं आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

पण कागद कुठे आहे एवढंच विचारून भागत नाही. किल्ली कुणाकडे आहे, हेही विचारावं लागतं.

माझीच चूक सांगते. आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका बाईला मी म्हटलं, मारहाणीचे वळ मोबाईलवर टिपून ठेव, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये पुरावा होईल. तिने टिपले, आम्हाला दाखवले आणि भीतीने फोनमधून पुसलेही. तरी नवऱ्याने ते पाहिले. फोन घेताना त्यातलं खातं त्याने स्वतःच्या नावाने उघडलं होतं. फोटो निघाला की त्याची प्रत आपोआप त्या खात्यात जात होती आणि त्याच्या फोनवर दिसत होती. “ताई, म्या तर पुसलं होतं,” ती म्हणाली. पुढे दोन महिने ती आमच्याकडे फिरकली नाही. खातं कुणाचं, हा एक प्रश्न मी तिला आधी विचारायला हवा होता.

डिजिलॉकरचंही तेच. आधारला जो मोबाईल नंबर जोडलेला, त्यावर ओटीपी येतो. आपल्या कितीजणींच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर आहे? कागद तिच्या नावाचे, पण दार उघडणार तो. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. ज्यांचे पती-वडील हयात नाहीत किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्यांच्यासाठी पुढे वेगळी सोय करावी लागली. टाकलेल्या बाईने ओटीपी कुणाकडे मागायचा?

आता आपल्या संघटनांकडे वळू. केसची माहिती आपण ऑनलाईन तक्त्यात भरतो आणि सोयीसाठी ‘लिंक असेल त्याला दिसेल’ असं ठेवतो. ती लिंक एका गटातून दुसऱ्या गटात जाते. तो तक्ता एखाद्या कार्यकर्तीच्या खासगी खात्यावर असतो. ती काम सोडून गेली की सगळी नोंद तिच्याबरोबर जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यावी, हे त्याचं मुख्य तत्त्व. दप्तर आपलं असलं तरी त्यातली माहिती त्या बाईची आहे.

आणखी एक. हे संगणक तापतात. त्यांना भरपूर वीज लागते, आणि थंड ठेवायला अनेक ठिकाणी पाणीही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेल्या लातूरकरांनी तरी हा खर्च विसरू नये. नको असलेले हजार फोटो साठवण्याआधी एवढं आठवावं.

तर गावी गेल्यावर प्रत्येकीने एवढं करा. आधारला स्वतःचा नंबर जोडा. खातं स्वतः उघडा. पासवर्ड आणि पिन घरातल्या कुणाला माहीत असेल तर बदला. आपलं खातं आणखी कुठल्या फोनवर उघडं आहे, ते सेटिंगमध्ये दिसतं. तिथून ते बंद करा. केसच्या तक्त्यात नावाऐवजी क्रमांक लिहा, आणि तो तक्ता नावानिशी दोघी-तिघींनाच उघडता येईल असा ठेवा. महत्त्वाच्या कागदाची एक प्रत कपाटातही असू द्या.

आणि पुढची बाई पुरावा घेऊन आली, की आधी विचारा: बाई, या फोनमधलं खातं कुणाच्या नावाचं?