शेजारधर्म आणि मनाचे आरोग्य

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षांच्या ग्रंथसंस्थेच्या व्यासपीठावरून मराठीच्या अध्यापकाने मानसिक आरोग्यावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. तथापि बडोद्याच्या ग्रंथालयांचा इतिहासच मला या विषयाकडे घेऊन आला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. त्याआधीच मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळ ग्रंथालयांचा उद्योग आरंभिला होता. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय होतेच. पण ज्याला राजधानीत येणे शक्य नाही त्याच्यासाठी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. वाचकाने ग्रंथापर्यंत यावे एवढ्यावर न थांबता ग्रंथाने वाचकापर्यंत जावे, हे त्यामागचे सूत्र. मानसिक आरोग्यसेवेला हेच सूत्र लावण्याचा प्रयत्न गेली सुमारे पन्नास वर्षे आपल्या देशात चालू आहे. त्याची ओळख करून देणे, आणि त्यात आपल्यासारख्या संस्थेचा वाटा कोणता हे विचारणे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

मनोरुग्णाला गावाबाहेर, उंच भिंतीच्या आत ठेवावे, ही इंग्रजी अमदानीतली रीत. १९१२च्या कायद्याचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्ताकडेच अधिक होता. या भिंतीला पहिले भगदाड पाडणाऱ्यांत अमृतसरच्या मनोरुग्णालयातील डॉ. विद्यासागर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९५०च्या दशकात त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. घरची माणसे जवळ राहिली, आजार म्हणजे काय हे त्यांनाही समजले, आणि रुग्ण घरी परतण्याची वाट सोपी झाली. पुढे १९७०च्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने जवळच्या सकलवाडा येथे ग्रामीण केंद्र उघडले. गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका यांना थोडके प्रशिक्षण दिले, तर नेहमीचे मनोविकार तेथेच ओळखता येतात, हा अनुभव अशा केंद्रांतून आला. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. बेळ्ळारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग होऊन १९९६ पासून जिल्हा पातळीवरील योजना सुरू झाली.

एवढे होऊनही दरी मोठीच राहिली. २०१५-१६ साली १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत, असे आढळले. तज्ज्ञांची संख्या अपुरी, हे याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या उंबऱ्याच्या आत आहे. मधुमेह झाला तर आपण चारचौघांत सांगतो. मुलीला उदासपणाचा विकार जडला तर ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणतो. तिचे लग्न कसे जमेल, ही चिंता औषधाच्या चिठ्ठीच्या आड येते.

मग तज्ज्ञ थोडे आणि संकोच फार, अशा स्थितीत करायचे काय? याचे एक उत्तर गोव्याने दिले. तेथील ‘संगत’ या संस्थेने आरोग्यसेवेचे कसलेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि २४ दवाखान्यांत नैराश्य व चिंताविकार यांवर काम केले. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकाची मदत मिळालेले रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले होते. दुःख नीट ऐकून घेणे, त्याला आजाराचे नाव देणे, दिनक्रम पुन्हा रुळावर आणणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे, या गोष्टी शिकवता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. मेहसाणा म्हणजे जुन्या बडोदे संस्थानाचाच मुलूख. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम प्रथम नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात केला आणि पुढे मेहसाणा जिल्ह्यातील सहाशेहून अधिक गावांत नेला. त्यात गावातलेच स्वयंसेवक दोन पायऱ्यांवर काम करतात. ‘मित्र’ हा कोणाचे काय बिनसले आहे ते हेरतो. त्याहून अधिक शिकलेला कार्यकर्ता त्या व्यक्तीला चार-सहा वेळा निवांत भेटतो, तिची अडचण उलगडायला मदत करतो आणि विकार गंभीर दिसल्यास तिला सरकारी रुग्णालयात पोहोचवतो. विधवेचे निवृत्तिवेतन अडले असेल तर त्याचा अर्ज भरून देणे हेही त्याच्या कामात येते. कारण चूल पेटत नसेल तर नुसत्या समजुतीच्या शब्दांनी मन उभारी धरत नाही.

याच जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. बाधा उतरवण्यासाठी तेथे सर्व धर्मांचे लोक येतात. २००८ पासून तेथे ‘दवा आणि दुवा’ या नावाने सरकारी साहाय्याने उपचार केंद्र चालवले गेले. मुजावरांना आजाराची लक्षणे शिकवली गेली आणि प्रार्थना झाली की तेच रुग्णाला शेजारच्या डॉक्टरांकडे धाडू लागले. श्रद्धेशी भांडण न मांडता औषधाला वाट करून देण्याची ही रीत विचार करण्याजोगी आहे. याच्या उलट चित्र तमिळनाडूतील एरवाडीचे. तेथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे आणून सोडणारी त्यांचीच माणसे होती, हे विसरता येत नाही.

म्हणून समाजाचे नाव घेताना मला थोडी सावधगिरी सुचवावीशी वाटते. आधार समाज देतो, तशी कुजबुजही समाजच करतो. स्वयंसेवकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी चावडीवर गेली, तर तो आधार नसून आणखी एक घाव ठरेल. शिवाय स्वयंसेवक हा डॉक्टरांचा पर्याय नव्हे. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराला औषध लागते आणि ते दीर्घकाळ घ्यावे लागते. शेजारधर्माचा गौरव करून सरकारने रुग्णालयांतील आपली जबाबदारी झटकावी, हेही योग्य नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा असे दोन्ही हक्क दिले आहेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, असेही तो सांगतो.

आता आपल्या भाषेविषयी दोन शब्द. भक्ताला देवाचे वेड लागते तेव्हा आपण हात जोडतो आणि आजाऱ्याला तोच शब्द लावून हसतो. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या वर्तुळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द केवळ गोड नाहीत. रुग्णाला स्वतःचे भले इच्छिणारा माणूस मानणारे ते शब्द आहेत, आणि बारा-पंधरा वर्षे मुलाच्या उशाशी जागणाऱ्या आईला त्यांनी प्रथमच एक नाव दिले आहे.

आपल्या वाचनालयाने काय करावे? सकाळी वृत्तपत्रांच्या टेबलाशी नेमाने बसणारा सभासद अचानक येईनासा होतो, हे सर्वांत आधी आपल्या ग्रंथपालांना कळते. त्याच्या घरी एकाने जाऊन चौकशी करावी. महिन्यातून एक संध्याकाळ सभागृह शुभंकरांच्या बैठकीसाठी मोकळे ठेवावे आणि त्या बैठकीची नावे कोणत्याही वहीत लिहू नयेत. दोघा-तिघा सभासदांनी तज्ज्ञांकडून प्रशिक्षण घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे कोणाला सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलायला वाट मिळते, हे त्यांनी शिकून घ्यावे आणि अशा व्यक्तीला एकटे न सोडता उपचारापर्यंत न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक देवघेवीच्या खिडकीपाशी ठळक अक्षरांत लावावा. तेथे मराठीतूनही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. सभासद दिसला नाही तर त्याची आठवण होणे आणि त्या आठवणीने पायात वहाणा सरकवून त्याच्या दारापर्यंत जाणे, एवढेच लागते. पेटी घेऊन वाचकाच्या गावी जाणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. दुसऱ्या शतकात आपली पावले अशाही दारांकडे वळोत, एवढी इच्छा व्यक्त करतो.