सौरपट्टीचे आयुष्य

सूर्यप्रकाशापासून थेट वीज निर्माण करणारा सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिद्ध झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच ऊर्जेची वीज होत असे. ही कार्यक्षमता वाढविण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष लागावे, हे साहजिकच होते. परंतु छपरावर बसविलेल्या सौरपट्टीचे खरे मोल ती पंचविसाव्या वर्षी किती वीज देते यावरून ठरते; कारण त्या विजेची बहुतेक किंमत आरंभीच मोजलेली असते.

सिलिकॉन स्वतः सहसा दगा देत नाही; कमकुवत ठरतात ते त्याचे सोबती. घटांच्या पुढे काच असते, मागे बहुधा प्लास्टिकचा पडदा, आणि मध्ये सर्वांना धरून ठेवणारा पारदर्शक चिकट थर. दिवसा तापून व रात्री निवून घट जोडणाऱ्या धातूच्या फिती ताणल्या जातात, झाळलेले सांधे थकतात. आत ओल शिरली की धातू गंजतो. चिकट थर काळवंडला, तर प्रकाश घटापर्यंत पुरता पोहोचत नाही. कॅलिफोर्नियातील कॅरिझो मैदानावर १९८० नंतरच्या दशकात उभारलेल्या केंद्रात हेच घडले. अधिक प्रकाशासाठी पट्ट्यांच्या बाजूंना आरसे लावले. त्याबरोबर उष्णताही वाढली, थर तपकिरी झाला आणि उत्पादन घटले.

यावर उपाय कोणता? जेट प्रपल्शन प्रयोगशाळेने १९७५ ते १९८६ या काळात एक शिस्तबद्ध मार्ग चोखाळला. कारखानदारांकडून पट्ट्या घ्यावयाच्या, त्यांची कठोर परीक्षा करावयाची, दोष कोठे उद्भवला ते शोधावयाचे आणि पुढील खरेदीच्या अटी त्यानुसार कडक करावयाच्या. आजच्या आंतरराष्ट्रीय कसोट्या याच परंपरेतल्या आहेत. पट्टीला उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस असे २०० फेरे सोसावे लागतात; ८५ अंश उष्णतेत व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात; शिवाय बर्फाच्या गोळ्यांचा मारा निराळाच.

तरीही या कसोट्या मुख्यतः जन्मजात दोष उघड करतात. त्या दीर्घायुष्याची हमी नव्हेत. म्हणूनच उघड्या हवेतील वर्षानुवर्षांच्या नोंदींना महत्त्व आहे. दरसाल अर्धा टक्का झीज झाली, तर पंचवीस वर्षांनी सुमारे ८८ टक्के शक्ती उरते. एक टक्का झाली, तर सुमारे ७८. अर्धा टक्का दिसावयास क्षुल्लक. परंतु कर्ज काढून पट्टी बसविणाऱ्याचा हिशेब तेवढ्यानेही बिघडू शकतो.